उंचीचा रकाना सर्वांत शेवटी भरा : राज्यातील फुटबॉल निवड समित्यांना खुले पत्र

प्रति,
शालेय, जिल्हा आणि विभागीय फुटबॉल संघांच्या निवड समित्यांचे सदस्य, क्रीडाशिक्षक व वयोगट प्रशिक्षक

विषय : फिलिप लामची कारकीर्द आणि आपल्या चाचणीतला फुलबॅक

स.न.वि.वि.

चाचणीच्या दिवशी सकाळी मैदानावर काय होतं, ते आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. पोरं रांगेत उभी राहतात. उंच दिसेल तो स्टॉपर (मधला बचावपटू) होतो, पळणारा विंगला (कडेने चढाई करायला) जातो, आणि उरलेल्यांपैकी कुणाला तरी ‘तू बॅकला उभा राहा’ असं सांगितलं जातं. त्या उरलेल्यांतही जो अंगाने लहान, त्याच्या नावावर चेंडू पायाला लागण्याआधीच काट पडते. दोष एकट्या निवडकर्त्याचा नाही. एका सकाळी शंभर पोरं पाहायची तर डोळा उंचीवरच आधी जाणार. पण फुलबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, ही जागा उंचीवर निवडण्याची नव्हे, आणि हे पटवायला जर्मनीचा माजी कर्णधार फिलिप लाम याच्याइतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही. (आपली वर्तमानपत्रं ‘लाहम’ लिहितात. जर्मन उच्चार ‘लाम’.)

उंची १७० सेंटिमीटर. म्युनिकच्या बायर्न क्लबकडून ५१७ सामने. बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या अव्वल लीगमध्ये, स्टुटगार्ट क्लबकडून खेळलेले धरून ३८५. जर्मनीकडून ११३ सामने आणि ५ गोल. ८ वेळा लीग विजेता, ६ वेळा जर्मन कप, २०१३ची चॅम्पियन्स लीग, आणि २०१४ साली कर्णधार म्हणून विश्वचषक. एवढ्या सगळ्यात लाल कार्ड एकही नाही. बचावपटूच्या बाबतीत हा शेवटचा आकडा आम्हाला विश्वचषकाइतकाच बोलका वाटतो. उशिरा पोहोचणारा बचावपटू पाय घालतो आणि कार्ड घेतो. वेळेवर पोहोचणाऱ्याला पाय घालावाच लागत नाही.

लामचा जन्म ११ नोव्हेंबर १९८३चा, म्युनिकचा. सुरुवात गेर्न या वस्तीतल्या छोट्या क्लबात, आणि वयाच्या अकराव्या वर्षी बायर्नच्या युवा विभागात. २००१ आणि २००२ अशी सलग दोन वर्षं तो १९ वर्षांखालील जर्मन विजेत्या संघात होता. १३ नोव्हेंबर २००२ रोजी लाँसविरुद्ध चॅम्पियन्स लीगमध्ये त्याला पहिल्या संघात उतरवलं ते भरपाई वेळेत, म्हणजे घाम यायच्या आत सामना संपला. पुढे वाट बंद होती, कारण उजवीकडे विली सान्योल आणि डावीकडे बिझांत लिझाराझू. यातली गंमत अशी की लिझाराझू स्वतः १६९ सेंटिमीटरचा. १९९८चा विश्वचषक जिंकलेला हा फ्रेंच लेफ्ट बॅक लामपेक्षाही बोटभर बुटका होता.

बायर्नच्या राखीव संघाचे प्रशिक्षक हेर्मान गेरलांड यांनी स्टुटगार्टचे प्रशिक्षक फेलिक्स मागाथ यांच्याकडे त्याची शिफारस केली, आणि २००३ ते २००५ अशी दोन वर्षं तो तिकडे उसना गेला. आपल्याकडे उसनं जाणं म्हणजे ‘काढून टाकलं’ असा अर्थ घरचेसुद्धा लावतात. प्रत्यक्षात याच दोन वर्षांत तो चॅम्पियन्स लीग नियमित खेळला. १ ऑक्टोबर २००३ रोजी स्टुटगार्टने मँचेस्टर युनायटेडला २-१ हरवलं, त्या मोसमातला हा पोरगा. १८ फेब्रुवारी २००४ रोजी, विशीत, त्याने क्रोएशियाविरुद्ध जर्मनीची जर्सी घातली.

स्टुटगार्टला उजव्या बाजूला आंद्रेआस हिंकेल पक्का होता, म्हणून मागाथने या उजव्या पायाच्या पोराला डावीकडे लावलं. हा बदल नीट समजून घ्या, कारण आपल्याकडे डावखुरा मिळाला नाही की लेफ्ट बॅकची जागा कशीतरी भरली जाते. उजव्या पायाचा खेळाडू डावीकडे उभा राहिला की पहिल्या स्पर्शाला त्याचं अंग आपोआप मैदानाच्या आत वळतं. याचे दोन फायदे. आतल्या मिडफिल्डरला पास सहज जातो, आणि समोरचा विंगर आत कापायला निघाला तर तो नेमका बलवान पायाच्या बाजूला येतो. तोटाही तेवढाच मोठा. रेषेलगतचा सरळ पास उजव्या पायाच्या बाहेरच्या बाजूने मारावा लागतो किंवा चेंडू आधी डाव्या पायावर घ्यावा लागतो. त्यात जाणाऱ्या अर्ध्या सेकंदात विंगर अंगावर येतो. यावर उपाय म्हणजे चेंडू येण्याआधी शरीर मैदानाकडे उघडं ठेवायचं, पाठ टचलाइनला (कडेच्या रेषेला), आणि पहिला स्पर्श लांबच्या पायाने, म्हणजे डाव्याने घ्यायचा. चौदा वर्षांच्या मुलाला हे रोज दहा मिनिटं भिंतीवर चेंडू मारून शिकवता येतं. न शिकवता नुसतं लेफ्ट बॅकला उभं केलं, तर तो प्रत्येक चेंडू मागे गोलरक्षकाला देईल, आणि आपण म्हणाल की पोरगा घाबरट आहे.

या बदलाचं फळ ९ जून २००६ रोजी दिसलं. विश्वचषकाचा पहिला सामना, म्युनिक, समोर कोस्टा रिका, सहावं मिनिट. कोपराच्या दुखापतीमुळे हात बांधलेला, तशात लाम डावीकडून आत आला आणि उजव्या पायाने चेंडू लांबच्या वरच्या कोपऱ्यात. त्या स्पर्धेत जर्मनीचं प्रत्येक मिनिट, सगळीच्या सगळी ६९० मिनिटं, खेळणारा तो एकटाच.

आता मुद्द्याकडे. लाम समोरच्याचा चेंडू काढून कसा घ्यायचा? बहुतेक वेळा घ्यायचाच नाही. समोरच्याला तो सोडावा लागेल अशी वेळ आणायचा. आपल्या मैदानांवर बाहेरून हमखास ऐकू येणारी आरोळी म्हणजे ‘अंगावर जा!’ पोरगं जातं, पूर्ण वेगाने, छाती समोर आणि दोन्ही पाय एका रेषेत. विंगर चेंडू एक हात बाजूला ढकलतो आणि निघून जातो. लामची पद्धत तोडून पाहिली तर ती अशी आहे. चेंडू विंगरकडे हवेत किंवा गवतावर असतानाच वेगाने अंतर कापायचं, कारण त्या क्षणी विंगर चेंडूकडे बघत असतो. शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये पावलं आखूड आणि झपझप, गुडघे वाकलेले, वजन चवड्यांवर. थांबायचं ते साधारण दीड मीटरवर. त्याहून जवळ गेलात तर वळायला जागा उरत नाही, त्याहून लांब थांबलात तर तो मान वर करून क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर पास, मारतो. अंग तिरकं, एक पाय पुढे, आणि पुढचा पाय कोणता हे ठरवूनच ठेवायचं. त्याला टचलाइनकडे ढकलायचं असेल तर आतल्या बाजूचा पाय पुढे हवा. मग त्याच्याबरोबर मागे मागे सरकायचं. नजर चेंडूवर, खांद्यांवर नाही. विंगर खांद्याने खोटं बोलतो, चेंडू बोलत नाही. टॅकलची वेळ एकच : चेंडू त्याच्या पायापासून एका पावलापेक्षा लांब सुटला तो क्षण. तेव्हाही जवळच्या पायाने टोचायचं, आडवं पडायचं नाही.

शेवटची गोष्ट आपल्यासाठी दुप्पट खरी आहे. मुरमाच्या मैदानावर स्लाइड केलं की मांडी सोलून निघते आणि पोरगं पुढचे चार दिवस सरावाला येत नाही. पावसाळ्यात चिखलात स्लाइड सुटतं, पण थांबायचं तिथे थांबत नाही आणि फाउल होतो. उभं राहून बचाव करणारा मुलगा आपल्या जमिनीला साजेसा आहे, आणि नेमका तोच चाचणीत ‘अंगावर जात नाही’ म्हणून बाद होतो.

लाम कधी चुकला नाही, असं आम्ही म्हणत नाही. त्याच्या चुकांतून शिकण्यासारखं जास्त आहे, कारण त्या मोठ्या सामन्यांत, सगळ्या जगासमोर झाल्या आणि पुन्हा पुन्हा पाहता येतात.

२५ जून २००८, बासेल, युरोची (युरोपीय देशांच्या स्पर्धेची) उपांत्य फेरी, समोर तुर्कस्तान. ८६व्या मिनिटाला सब्री लामला बाहेरून चकवून गेला आणि त्याच्या क्रॉसवर सेमिहने २-२ केलं. बारकाईने पाहा, सब्री वळतो तेव्हा लामचं वजन टाचेवर गेलेलं आहे. तासाभराच्या खेळानंतर फुलबॅकचे गुडघे ताठ होतात, पहिली खूण तीच. चारच मिनिटांनी हाच लाम डावीकडून निघाला, हिट्झल्सपेर्गरशी देवाणघेवाण करून बॉक्समध्ये शिरला आणि जवळच्या खांबाकडून ३-२. चूक केल्यावर पुढच्या चेंडूला मुलगा मागतो की लपतो, याची नोंद निवडपत्रकात कुठेच होत नाही.

चार दिवसांनी व्हिएन्नात अंतिम सामना, समोर स्पेन. ३३व्या मिनिटाला शावीचा पास, टोरेस मागून धावतोय, चेंडूच्या जवळ लाम. गोलरक्षक लेमान पुढे आला, लाम क्षणभर थबकला, टोरेस बाहेरून वळसा घालून गेला आणि चेंडू लेमानवरून उचलला. १-० तिथेच झालं आणि तसंच राहिलं. दोघं होते, पण चेंडू एकाचाही झाला नाही. याचा सराव साधा आहे : एक बचावपटू, एक गोलरक्षक, एक स्ट्रायकर, वीस मीटरवरून मागे टाकलेला चेंडू. नियम असा की गोलरक्षकाने एकच शब्द ओरडायचा, आणि तो शब्द आला नाही तर चेंडू बचावपटूचा. मग त्याने चेंडूकडे नाही, आधी स्ट्रायकर आणि चेंडू यांच्यामध्ये पाठ घालायची. वजन कमी असलेल्या मुलाने तर हे आधी शिकावं. शर्यतीत तो हरेल, पण मध्ये आलेल्या पाठीला वळसा घालायला समोरच्याला दोन पावलं जास्त लागतात.

तिसरी चूक २०१२च्या युरोतली. उपांत्य फेरीत इटलीविरुद्ध ३६व्या मिनिटाला मोंतोलिव्होने लांब चेंडू उचलला आणि बालोटेली लामच्या मागे सुटला. बालोटेली १८९ सेंटिमीटर. हे उदाहरण उंचीचे पुरस्कर्ते हमखास देतील. पण तो चेंडू डोक्यावर जिंकायचाच नव्हता, तो जागेवर हरला होता. पास देणाऱ्यावर दबाव नाही आणि त्याची मान वर आहे, एवढं दिसलं की शेवटच्या माणसाने पास सुटायच्या आधीच पाच पावलं मागे घ्यायची असतात. तिथे १९० सेंटिमीटरचा उभा असता तरी तोही मागेच पडला असता.

उंची खरोखर नडते ती एकाच ठिकाणी, आणि ते लपवण्यात अर्थ नाही : लांबच्या खांबावर येणारा उंच क्रॉस. समोरचा संघ हुशार असेल तर उंच स्ट्रायकरला मुद्दाम बुटक्या फुलबॅकच्या अंगावर पाठवतो. अशा वेळी हेडर जिंकायचा नसतो, बिघडवायचा असतो. चेंडू निघण्याआधी जागा घ्यायची, समोरच्याच्या पुढे आणि गोलच्या बाजूला. हाताने नव्हे तर खांद्याने संपर्क ठेवायचा. आणि त्याच्या आधी उडायचं, म्हणजे त्याला धाव घेऊन उडता येत नाही. मुळात पलीकडच्या फुलबॅकने क्रॉस अडवला तर हा प्रसंगच येत नाही. कॉर्नरला अशा मुलाला खांबाशी उभं करा किंवा बॉक्सच्या कडेला दुसऱ्या चेंडूसाठी ठेवा. हे काम प्रशिक्षकाचं. त्यासाठी पोराला घरी पाठवायची गरज नाही. स्टॉपर मात्र त्याला करू नका. लामलाही कुणी केलं नाही.

२००९-१०पासून बायर्नचा प्रशिक्षक वान हालने त्याला पुन्हा उजवीकडे आणलं, त्याच्या पुढे विंगर रॉबेन. विंगर आत कापतो, फुलबॅक त्याच्या बाहेरून पळतो, हे गणित त्या काळात सगळ्या जगाने पाठ केलं. लोकांना दिसली ती धाव. धाव सुरू होण्याची वेळ फार थोड्यांनी पाहिली. रॉबेनने आत पहिला स्पर्श घेतला की लाम निघायचा, आधी नाही. आधी निघाला असता तर मागे मोकळं रान आणि बचाव करणाऱ्याला सगळं कळलेलं. दहापैकी सात-आठ वेळा चेंडू मिळणारच नाही हे माहीत असूनही पळायचं असतं, कारण त्या धावेने एक बचावपटू ओढला जातो. आपल्याकडे तीन वेळा चेंडू मिळाला नाही की चौथ्यांदा पोरगं पळत नाही, आणि बाहेरून कुणी त्याला सांगतही नाही की तुझ्या धावेमुळेच गोल झाला.

२०१३-१४च्या मोसमात बायर्नचा नवा प्रशिक्षक ग्वार्डिओलाने त्याला मधल्या फळीत बचावात्मक मिडफिल्डर केलं. आपल्या मते हा दर्जा वाढवण्याचा प्रकार होता, पण ती जागा फुलबॅकपेक्षा वेगळीच आहे. फुलबॅकच्या एका बाजूला टचलाइन असते, धोका अर्ध्याच वर्तुळातून येतो. मध्ये उभं राहिलं की मागूनही येतो. म्हणून चेंडू येण्याआधी दोन्ही खांद्यांवरून एकेकदा मागे पाहावं लागतं. लाम हे लेफ्ट बॅक असल्यापासून करत होता. तरीही २०१४च्या विश्वचषकात घानाविरुद्ध त्याच जागेवरून त्याचा एक पास मुंतारीने पकडला आणि ग्यानने २-१ केलं. कडेला चुकलेला पास थ्रो-इन देतो, मध्ये चुकलेला पास गोल देतो. पहिले चार सामने जर्मनीने त्याला मध्ये खेळवलं. अल्जीरियाविरुद्ध मुस्ताफी जखमी झाल्यावर तो उजवीकडे गेला आणि फ्रान्सविरुद्धच्या उपांत्यपूर्व फेरीपासून तिथेच राहिला. ब्राझीलविरुद्धच्या ७-१मध्ये क्रूसचा पहिला आणि शुर्लेचा पहिला, हे दोन्ही गोल लामच्या उजवीकडून आलेल्या चेंडूंवर झाले. १३ जुलैला माराकानात चषक उचलला, १८ जुलैला आंतरराष्ट्रीय निवृत्ती, वय ३०. क्लबकडून आणखी तीन मोसम खेळून २० मे २०१७ रोजी फ्रायबुर्गविरुद्ध शेवटचा सामना.

दुखापतींबद्दल थोडक्यात. २००५ साली जानेवारीत पायाच्या हाडाला ताणाची चीर आणि त्यातून परतल्यावर मे महिन्यात गुडघ्याचा क्रूशिएट लिगामेंट (सांधा धरून ठेवणारा बंध) फाटला. वर्षातला बराचसा काळ बाहेर. ताणाची चीर एका धडकेने पडत नाही, ती साठत जाते. शाळा, क्लब आणि सोसायटीची स्पर्धा असे तीन-तीन संघ एकाच आठवड्यात खेळणाऱ्या मुलाने पायाच्या एकाच बिंदूवर बोट ठेवून ‘इथेच दुखतं’ असं सांगितलं, तर त्याला स्प्रे मारून मैदानात ढकलू नका. डॉक्टरांकडे पाठवा. एक्स-रेमध्ये ही चीर सुरुवातीला दिसत नाही, हेही घरच्यांना सांगून ठेवा.

आता चाचणीकडे. अकरा विरुद्ध अकराच्या पंधरा मिनिटांत फुलबॅकला चेंडू तीन-चारदा लागतो. त्यावर निवड करणं म्हणजे चिठ्ठी उचलणं. आमची सूचना अशी की टचलाइनला धरून २५ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद पट्टा आखा. चार कोन आणि थोडी फक्की एवढंच सामान. एका टोकाला विंगर, दुसऱ्या टोकाला बचावपटू, बाजूने पास. प्रत्येक बचावपटूला सहा पाळ्या, तीन उजवीकडे आणि तीन डावीकडे, दर वेळी विंगर वेगळा. चेंडू काढला की नाही हे लिहू नका. विंगरला किती सेकंद रोखलं, तो शेवटी कुठल्या बाजूला गेला आणि ती बाजू बचावपटूने ठरवली होती का, हे लिहा. तीन सेकंद रोखणं म्हणजे मदत पोहोचणं. त्यानंतर चार बचावपटूंची ओळ लावा आणि सहा जणांकडून दहा हल्ले चढवा. या वेळी चेंडूकडे बघूच नका, चेंडूपासून लांबच्या फुलबॅककडे बघा. चेंडू पलीकडे असताना तो आत सरकतो का, मान वळवून मागचा माणूस पाहतो का, ओळीबरोबर पुढे-मागे होतो का? शंभर पोरांत हे आपोआप करणारी चार-पाचच निघतील. ती उंच असतील की बुटकी, हे नंतर पाहा.

शालेय स्पर्धा ऐन पावसाळ्यात येतात. चिखलात चेंडू अडतो, पास जात नाही, आणि ज्याच्या पायात जोर तो चेंडू उडवून हिरो ठरतो. अशा दिवशी घेतलेली चाचणी फुलबॅकसाठी धरू नये. मैदान सुकेपर्यंत थांबणं शक्य नसेल तर पट्ट्याची चाचणी शाळेच्या फरशीवर किंवा डांबरी कोर्टवर, स्पोर्ट शूजमध्ये घ्या. स्लाइड आपोआपच बंद होईल.

आणखी एक. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा कागदावर एकाच वयोगटात असतात, पण अंगात जवळजवळ वर्षाचं अंतर असतं. तेराव्या-चौदाव्या वर्षी ते अंतर डोळ्यांना फसवतं. निवडपत्रकावर जन्ममहिना नावाच्या शेजारी लिहा, म्हणजे पेन उचलताना तो दिसेल.

याच म्युनिकच्या क्लबच्या नावाने आपल्या राज्यात १४ वर्षांखालील मुलांची स्पर्धा भरली, तेव्हा त्याच्या लाल जर्सीचं कौतुक सगळ्यांनी केलं. त्या जर्सीत सर्वाधिक काळ कर्णधार राहिलेल्यांपैकी एकाची उंची किती होती, हे त्या वेळी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आमच्या मागण्या तीनच. पत्रकातला उंचीचा रकाना शेवटी न्या आणि तो बाकी गुण भरल्यावरच भरा. फुलबॅकची चाचणी पट्ट्यात, दोन्ही बाजूंनी घ्या. आणि ज्या मुलाच्या नावापुढे ‘लहान’ एवढंच कारण लिहून काट मारली आहे, त्याला सहा महिन्यांनी पुन्हा बोलवा, तारीख त्याच दिवशी कागदावर लिहून द्या.

आपले,
वयोगटातील बचावपटूंना शिकवणारे काही प्रशिक्षक